जावईबापूंनी जोडलेला शॉवर

प्लंबर आठ दिवसांनी येतो म्हणाला, तेव्हाच आपल्या कारकुनाने गप्प बसायला हवं होतं. पण सासरे चारच दिवसांत येणार होते, तेही उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. मगाने अंगावर पाणी घेणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून शॉवर हवा होता. शिवाय सासरे म्हणजे जन्मभर पाणीपुरवठा खात्यात पाइपांशी झोंबलेला माणूस. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी जावयाला साधं एक काम सांगितलं नव्हतं. बल्ब गेला तरी "राहू द्या, मी बघतो," म्हणत स्वतः स्टुलावर चढायचे. कारकुनाच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

"मीच जोडतो शॉवर," त्याने बायकोला सांगून टाकलं.

"अहो, साबणदाणी बसवायला गेलात तर टाइल निघाली!"

"ती टाइल आधीपासूनच नाराज होती."

कारकून रेकॉर्ड खात्यातला. तिथली शिस्त अशी, की आधी चिठ्ठी लावायची, मग हात लावायचा. बाथरूमच्या माळ्यावर गरम पाण्याची टाकी होती. तिच्यापासून शॉवरचा नवा पाइप आणायचा, तर फ्लशचा जुना पाइप आडवा येत होता. त्याने तोही सोडवला आणि चारही तोंडांवर चिठ्ठ्या डकवल्या: 'टाकीतून गरम', 'नळाचं थंड', 'शॉवरकडे', 'फ्लशकडे'. (अक्षर असं सुरेख, की तो स्वतःच दोन मिनिटं बघत राहिला.) मग जॉइंट आणायला दुकानात गेला.

तेवढ्यात पाइप ठिबकले आणि दोन चिठ्ठ्या गळून पडल्या. बायको मुळात नीटनेटकी. तिने त्या उचलल्या, इस्त्री करून वाळवल्या आणि जी दोन तोंडं बिनचिठ्ठीची दिसली त्यांना एकेक लावून टाकली. झाली की नाही अदलाबदल!

कारकून परतला, जोडायला बसला. एका पाइपातल्या थेंबाने त्याचं बोट चांगलंच पोळलं. बोट तोंडात घालून त्याने चिठ्ठी वाचली. 'नळाचं थंड.' थंड म्हटल्यावर थंड! अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने कागदापुढे बोटाचं कधी ऐकलं नव्हतं. तो पाइप त्याने फ्लशला जोडला.

सासरे आले. प्लास्टरला पिशवी बांधून, पंचा नेसून बाथरूममध्ये शिरले. अंगभर साबण लावला, शॉवर सोडला आणि अशी आरोळी ठोकली की शेजारची दारं उघडली.

"जावईबापू! बर्फ येतोय इथे!"

"बाबा, गरमच आहे ते," कारकून दाराबाहेरून म्हणाला. "मी स्वतः लिहिलंय."

"मग काय चिठ्ठी अंगाला चोळू? आत या!"

आत धुकं पसरलेलं. फ्लशच्या टाकीतून वाफा निघत होत्या. सासऱ्यांनी डाव्या हाताने झाकण उचललं, बोट बुडवलं आणि जावयाकडे पाहिलं.

"संडासाला थंडी वाजत होती का हो?"

"अगं बाई, चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या!" बाहेरून बायको ओरडली.

साबण डोळ्यांत उतरत होता, विचार करायला वेळ नव्हता. कारकून स्टुलावर चढला आणि फ्लशच्या टाकीत मग बुडवून सासऱ्यांच्या डोक्यावर पाणी ओतू लागला.

"मानेवर घाला... हळू... आता पाठीवर. वा!"

बारा वर्षांत सासऱ्यांनी सांगितलेलं हे पहिलं काम. कारकुनाला खरोखरच भरून आलं.

"उद्या पाइप बदलून टाकतो, बाबा," तो म्हणाला.

"पाइपाला हात लावाल तर खबरदार! इतकी छान आंघोळ वर्षभरात झाली नव्हती."

प्लंबरला नको म्हणून कळवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी कारकून ऑफिसचे कपडे घालून निघणार, तोच बाथरूममधून हाक आली.

"जावईबापू, चालू व्हा! आणि आज धार जरा बारीक ठेवा."