राखणदाराची उलटतपासणी

वर्गात कादंबरी शिकवावी तर मीच! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही. सातवीला आठवड्याला एकच प्रकरण, अवघड शब्द लिहून भिंतीवर, पाठांतर बंद. आदल्या संध्याकाळी मीही तेवढंच प्रकरण वाचायचो. नोकरी तात्पुरती, तर वाचन कशाला कायमचं?

सहावं प्रकरण संपलं आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "उद्या तुमचा तास बघते. नोकरी कायम करायची की नाही, ते त्यावरच ठरेल."

मी हुकमी पान काढलं. सहाव्या प्रकरणात दीपगृहाचा राखणदार दिवा विझवतो आणि जहाज खडकावर आपटतं. मी राखणदार होऊन खुर्चीत बसणार, मुलांनी भिंतीवरचे शब्द वापरून माझी उलटतपासणी घ्यायची. बाई गार!

दुसऱ्या दिवशी बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या.

"दिवा का विझवलात?" पहिला प्रश्न आला.

"तेल संपलं होतं," मी ठोकून दिलं.

"खोटं! तळघरात चार पिंपं भरलेली होती! बनाव!"

"दिशाभूल!" दुसरा ओरडला.

"निर्ढावलेला!" तिसरा.

शब्द अगदी चपखल. मी कौतुकानं मान डोलावली. मग डोलायची थांबली. चार पिंपं? सहाव्या प्रकरणापर्यंत एकही पिंप नव्हतं! कार्ट्यांना माझी पद्धत इतकी भावली होती, की सगळ्यांनी अख्खं पुस्तक घरी नेऊन फस्त केलं होतं!

"बरं, तुमची बायको कुठंय?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं.

"घरी. कपडे वाळत घालतेय."

कुणीतरी हुंदका दिला.

"सर, ती त्याच जहाजावर होती. नवव्या प्रकरणात कळतं. बुडाली ती."

"बुडाली?" मी ताडकन उठलो. काल संध्याकाळपर्यंत चांगली ठणठणीत होती हो! "म्हणजे... माझ्याच हातून?"

मी मटकन बसलो. टाळ्यांचा कडकडाट! बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

सुटलो म्हणेपर्यंत बाईच उभ्या राहिल्या. तयारी म्हणून त्यांनीही पुस्तक वाचून काढलं होतं! "मग शेवटच्या प्रकरणात जिन्यावर तुम्हाला कोण भेटलं?"

"आठवत नाही बाई. धक्का बसलाय."

"टाळाटाळ!" अख्खा वर्ग एका सुरात.

बाईंनी अहवाल लिहिला: 'मुलांचा शब्दसंग्रह उत्तम. आकलन उत्तम. शिक्षकांनी कादंबरी वाचावी.' नोकरीचा निर्णय आठवडाभर लांबला. तोवर मी पुस्तक संपवून परीक्षा द्यायची. प्रश्नपत्रिका मुलं काढणार, तपासणारही तीच!

वीसपैकी अकरा पडले. पास! नोकरी कायम! फक्त चष्मेवालीनं लाल शाईत शेरा मारला होता, 'प्रयत्न बरा. पालकांची सही आणावी.'

आईनं सही केली. पण आधी विचारलंच, "बाकीच्यांना किती पडले?"