शिंगाडे सरांचं मेमरीवाटप

शिंगाडे सरांकडे सोळा जीबी मागितलं की आठ मिळतं. आठ मागितलं की चार, आणि वर ऐकून घ्यावं लागतं, "आधी हे तर जिरवा."

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तीन मोठे सर्व्हर आहेत. त्यांच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेली चाळीसेक व्हर्च्युअल मशीन्स चालतात. पगाराचं वेगळं, हजेरीचं वेगळं. कोणाला किती मेमरी द्यायची हे एकटे शिंगाडे सर ठरवतात. गाव खुलताबादजवळ, घरी अजून मेंढरं, पन्नाशी उलटलेली. अर्ज आला की आठवडाभर त्या मशीनचा वापर बघतात आणि पेन्सिलीने वहीत टिपतात.

मग हिशेब विभागाचे देशपांडे भांडायला येतात.

"शिंगाडे, मी बत्तीस मागितले होते!"

"व्हय. वापरता किती? नऊ. बाकीचे काय उशाला घेऊन झोपता?"

"तुमच्या बापाचं आहे का हो?"

"बापाचं असतं तर दिलं असतं साहेब. कंपनीचं हाय."

मी शिकले इंग्रजी शाळेत. मला मराठीत भांडता येत नाही, आणि इंग्रजीत भांडायला इथे कोणी नाही. माल पाठवणीचं मशीन हे माझं पहिलं स्वतंत्र काम. त्याला सहा जीबी तरी लागणार होते. सर निम्मं करतात म्हणून सगळे दुप्पट लिहितात. मी घाबरून चार लिहिलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि अर्ज ठेवून घेतला.

गेल्या मंगळवारी सकाळी एका सर्व्हरचा बोर्ड गेला. सगळी मशीन्स उरलेल्या दोन सर्व्हरवर आली आणि मेमरी पुरेना. पगाराचं मशीन रांगायला लागलं, देशपांड्यांचं थांबलंच. फाटकावर सहा ट्रक उभे होते आणि त्यांच्या पावत्या माझ्या मशीनवरून निघणार होत्या. अडलं असतं तर सगळ्यांनी नव्या मुलीकडे बोट दाखवलं असतं.

पावत्या निघत राहिल्या. रोजच्यासारख्या, एकामागून एक.

मला विश्वास बसेना. मी मशीनची नोंद उघडली. मेमरी आठ जीबी. आठच्या आठ राखीव, म्हणजे कितीही ओढाताण झाली तरी दुसऱ्या कोणाला उचलता न येणारी. खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं: "ही ताई मागणार नाय. आधीच दिलं."

त्याच यादीत तळाला सरांचं स्वतःचं मशीन होतं. दोन जीबी. राखीव काही नाही.

संध्याकाळी नवा बोर्ड बसला. सर आपल्या अडकलेल्या पडद्यासमोर हनुवटीला हात लावून बसले होते.

"सर, तुमच्या मशीनला दोन वाढवू का?"

"नको."

मी तिथेच उभी राहिले.

"एक चालंल," ते म्हणाले, आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.