रकाना क्रमांक नऊ

मनुष्याने अग्नी शोधला, चाक शोधले, ते ठीकच झाले; पण ज्या दिवशी एका माणसाने दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाची जबाबदारी लेखी स्वीकारली, संस्कृतीचा खरा उदय त्या दिवशी झाला. हे विधान मी पेणमधल्या आमच्या घराच्या ओट्यावर उभा राहून केले.

"बोला, पण जरा लांबून बोला," आमची ही, म्हणजे चंद्रावती, म्हणाली. "पिठात उडतंय."

चंद्रावती घरी पोह्याचे पापड करते. रोह्याच्या धनेश दुकानदाराने तिला शंभर डझनांची पहिली मोठी ऑर्डर दिली होती. माल शनिवारी हवा आणि अट एकच. "वहिनी, पापड एक नंबर हायत. पण माझा माणूस माल उचलायला तुमच्या ओट्यावर येणार. घसरला तर? तेवढा पब्लिक लायबिलिटीचा विमा काढून ठेवा. नायतर मला दुसरीकडं बघावं लागेल."

विमा एजंट सुजय सोमवारी चार पानी फॉर्म घेऊन आला. "काका, सोपं हाय. बाहेरचं माणूस तुमच्या जागेत पडलं, तर भरपाई कंपनी देते. घरचे आणि कामगार यात नाय. दहा मिनटात भरतो."

दहा मिनिटांत! पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे लोकांचे अर्ज परत पाठवण्यात घालवलेल्या माणसासमोर हे बोलावे? मी फॉर्म त्याच्या हातून काढून घेतला आणि रकाना क्रमांक नऊवर अडलो: 'जागेत काम करणाऱ्या व्यक्ती व त्यांचा दर्जा.'

त्या क्षणी जागेत सहा बायका आपापले पोळपाट-लाटणे घेऊन बसल्या होत्या. आमच्या आळीत पापड पाळीने लाटतात. आज आमच्याकडे, उद्या गिरजाबाईंकडे. मजुरी नाही, चहा आणि तेलात बुडवलेली एक लाटी.

"या कामगार की पब्लिक?" मी विचारले.

"शेजारी लिहा ना, काका."

"तसा पर्याय नाही." मी थेट संबंधितांकडे वळलो. "गिरजाबाई, तुम्ही नक्की कोण?"

"अगो बया!" गिरजाबाईंचे लाटणे थांबले. "चाळीस वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हाते, आन आज इचारताय? चंद्रावती गो, भावोजींना ऊन लागलं काय?"

कामगार म्हणावे तर पगार नाही. सबब मी त्यांना जनता घोषित केले. परंतु जनतेने थेट लाटण्याच्या जागी बसणे धोक्याचे, म्हणून 'जोखीम कमी करण्याचे उपाय' या रकान्यात लिहिले: 'जनतेस दोरीपलीकडे ठेवले जाते.' आता लिहिले म्हटल्यावर ते खरे करणे आले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गुडघाभर उंचीची पिवळी दोरी, 'जनतेस प्रवेश नाही' ही पाटी आणि एक रजिस्टर आले. लाटी खाणाऱ्याने 'मी ही लाटी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर खात आहे' याखाली सही करायची.

"लाटी खायला सही?" गिरजाबाईंनी पोळपाट काखोटीला मारला. "चला गो. हितं आपण पब्लिक हाव."

सहाही जणी गेल्या. जोखीम शून्यावर आली. पापडही.

शुक्रवारी निम्मी ऑर्डर बाकी होती. चंद्रावती एकटी लाटत होती. मग सुरक्षा विभाग स्वतः लाटायला बसला. माझा पहिला पापड रायगड जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला. दुसऱ्यात रोहा तुटून बाजूला पडला. तरी चिकाटीने ताट भरले, वाळत घालायला उठलो आणि दोरीत पाय अडकून ताटासकट ओट्याखाली गेलो.

घोटा टरारून फुगला. सुजय आला. मी पडल्या पडल्या क्लेमचा फॉर्म मागितला.

"काका, विमा अजून निघाला नाय, आणि निघाला तरी तुम्ही पब्लिक नाय. घरचे."

म्हणजे उभ्या पेण तालुक्यात आमच्या ओट्यावर पडण्याचा हक्क नसलेला माणूस मी एकटाच.

"पण पडलात कशानं?"

"जोखीम कमी करण्याच्या उपायात अडकून," मी म्हणालो.

धडाम आवाज ऐकून गिरजाबाई केव्हाच सही न करता दोरी ओलांडून आल्या होत्या. मागोमाग पाचजणी. संध्याकाळपर्यंत पापड झाले. दोरीवर साड्या वाळत पडल्या आणि पाटीवर पापड. सुजयने रकाना नऊमध्ये 'शेजारणी, सहा' असे लिहून पाठवले. कंपनीने ते काही न विचारता मान्य केले, याचे मला अजून वाईट वाटते. शनिवारी धनेशचा माणूस माल घेऊन गेला. घसरला नाही.

तुम्ही हसत असाल. हसा. फक्त आपल्या बिल्डिंगच्या फाटकावर सख्ख्या शेजाऱ्याच्या भावाकडून वहीत नाव, वेळ आणि 'कामाचे स्वरूप' लिहून घेण्याचा ठराव कोणी मांडला होता आणि तेव्हा तुमचा हात वर होता की खाली, तेवढे आठवून हसा.

गुरुवारी गिरजाबाईंकडे पाळी आहे. आमच्याकडून हिने माझे नाव दिले आहे. "पाय सुजलाय, हात नाय," म्हणाली. तेव्हा कुणाकडे वजनाला हलके लाटणे असेल, तर एक दिवसापुरते द्याल का?