चित्रातलं घर डावीकडे आहे

अख्ख्या रोममध्ये तांब्याच्या पत्र्यावर माझ्याइतकं हुबेहूब कोरणारा माणूस नाही! कुठल्या उस्तादाचे कुंचले धुतले नाहीत मी. सगळं स्वतःचं स्वतः शिकलो. तिथेच घोळ झाला!

आमचं घर गुरांच्या मैदानातल्या पडक्या देवळाला टेकून आहे. म्हणजे, होतं. देवळाचे तीन खांब उरलेले. डावीकडे दोन, उजवीकडे एक, आणि त्या एकट्याच्या आधाराने आम्ही. भाजून चुना करायला मिळेल म्हणून चुनाभट्टीवाले त्या खांबांच्या संगमरवराकडे बघून लाळ गाळायचे. बापजाद्यांचं रोम भाजायचं आणि भिंतींना फासायचं! आणि भिंती कुणाच्या? चर्चच्या बड्या धर्मगुरूंच्या, कार्डिनलच्याच!

म्हणून बेत केला. देवळाचं चित्र छापून कार्डिनलना भेट द्यायचं आणि घर वाचवायचा हुकूम मिळवायचा. पत्र्याला मेण लावलं, सुईने दिसलं तस्संच कोरलं, तेजाबात बुडवलं, छापलं. कागद उचलला तर घर डावीकडे! म्हटलं, असू दे. कार्डिनल काय मैदानात येऊन बघणारेत?

कार्डिनल खूश! त्यांचा पंडित पोम्पिलिओ तर कोपऱ्यातली माझी उलटी सही बघून नाचलाच. "एत्रुस्कन लिपी! रोमच्याही आधीची!" मी मान डोलावली. हुकूम निघाला: चित्रात आहे ते जपा, नाही ते पाडा.

सोमवारी पोम्पिलिओ चित्र घेऊन हजर. मागे कुदळीवाले.

"चित्रात घर डावीकडे. हे उजवीकडे कसं?"

"पंडितजी, छापताना उलटतं ते!"

"म्हणजे कार्डिनलसाहेबांना उलटं चित्र खपवलंस?"

हो म्हणावं तर तुरुंग! "छे छे! चित्र बरोबर आहे."

"मग घर चुकीचं. पाडा!"

माझी बायको एर्सिलिया कढईसकट बाहेर आली. "अहो, आधी उलटं कोरायचं असतं! छापखान्यातल्या मांजरालासुद्धा माहितीये! तुम्हीच तेवढे स्वयंभू!"

घर गेलं. डावीकडचा एक खांबही जास्तीचा ठरून भट्टीत गेला. त्याच चुन्याने कार्डिनलचा दिवाणखाना पांढरा झाला, आणि त्या भिंतीवर माझं चित्र लागलं.

आता आम्ही सासूबाईंच्या माळ्यावर राहतो. परवा मी नवा पत्रा कोरला, सगळं आठवून आठवून. या वेळी आधी उलटं कोरलं. छापल्यावर घर, खांब, सही, सगळं जागच्या जागी! ताठ मानेने पोम्पिलिओकडे नेलं. त्याने ते भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाला,

"हात बरा आहे तुझा. पण घर भलत्याच बाजूला काढलंयस. एखाद्या उस्तादाकडे शीक, बाबा!"