पंचफुलाबाईंचा बोअर भरतात

"पट्टी बी मीच भरायची, अन् बोअर बी माझाच भरायलेत? काय जुलूम म्हनावा ह्यो!"

पंचफुलाबाईंनी पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि शेताची वाट धरली. "आत्याबाई, चप्पल तरी घाला," म्हणत सून राजेश्री मागं धावली.

झालं होतं असं. ज्याच्या बोअरवर मोटर, त्यानं वर्षाला भूजल पट्टी द्यायची. त्या पैशात गावचा नळ चालवायचा आणि जमिनीतलं पाणी राखायचं, असं ग्रामसभेत ठरलं. सगळं गाव कुरकुरत बसलं, पट्टी पहिली भरली ती पंचफुलाबाईंनी. आणि आज सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई गोपीचंद भोंग्यावर ओरडला, "पट्टी भरनाऱ्यांचे बोअर भरून देनार! पयला नंबर पंचफुलाबाईचा!" हातातल्या कागदावर 'कूपनलिका पुनर्भरण' होतं. असलं कुणाला कळायचं, म्हणून बिचाऱ्यानं सोपं करून सांगितलं.

शेतात जाऊन बघतात तर बोअरभोवती हा एवढा खड्डा, आणि शेजारी दगडगोटे-वाळूची ट्रॉली! मालक, लिंबाजी, जाऊन चार वर्षं झाली होती. तळहातावर नारळ धरून ही जागा त्यांनीच शोधली होती. पाणी लागलं तेव्हा त्या माणसानं भर शेतात, चारचौघांत, बायकोला चिंब भिजवलं होतं. बाई तरातरा खड्ड्यात उतरल्या आणि पाइपाला मिठी मारून बसल्या.

"मावशी, वर या!" गोपीचंद काकुळतीला आला.

"येत न्हाई. आधी मला बुजव, मंग बोअर."

"बुजवायचा न्हाई वो, भरायचाय!"

"त्येच की रे मुडद्या!"

दुपार टळली. राजेश्रीनं भाकरी खड्ड्यातच नेऊन दिली. गोपीचंद काठावर घाम पुसत बसला. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मावशी, दगडानं न्हाई, पान्यानं भरायचाय! पावसाचं पानी ह्या दगड-वाळूतून गाळून खाली जिरंल. तुमच्याच पट्टीच्या पैशातून."

बाईंनी पाइपाची मिठी सैल केली. "म्हंजे... ह्यांचं पानी वाढंल?"

"व्हय."

"मंग सकाळधरनं हे सांगाया काय झालं होतं?"

"चुकलंच माझं. आता तरी उठा."

"कशी उठू? पाय कवाच मेलेत माझे!"

ट्रॉलीबरोबर आलेल्या चौघा गड्यांनी त्यांना उचलून वर घेतलं. पायाला मुंग्या आलेल्या, तरी ट्रॉलीतला पहिला दगड बाईंनीच उचलला, खड्ड्यात अलगद सोडला आणि पाइपाकडं बघून हळूच म्हणाल्या, "आवं, लय पाजलंत आमाला. आता तुमी बी प्या."