बसून बघा, मंग बोला

भास्करनानांचे पाय ठणठणीत आहेत. तरी घनसावंगीत ते चाकांच्या खुर्चीत बसून फिरतात. बँक असो, दवाखाना असो, आधी दारातून खुर्ची घालून बघणार. अडकली की आतल्या साहेबाला बाहेर बोलावणार, टुणकन उठणार आणि म्हणणार, "बसून बघा, मंग बोला."

खुर्ची त्यांच्या पत्नीची, मंदाकाकूंची. आजारपणात काकूंचे पाय गेले. मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. काकूंसारखं वाचणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. पाय गेल्यावर एकदा आल्या, तर चौघांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. पदर सावरता सावरता त्यांना रडू फुटलं. पुन्हा आल्या नाहीत.

मग नाना पुस्तकं नेऊ लागले. नानांची निवड म्हणजे आनंदच. हाताला लागेल ती कादंबरी उचलायची आणि जोडीला दर खेपेला मोसंबीच्या रोगांवरचं एकच पुस्तक. "तिला लई आवडतं," म्हणायचे.

पायऱ्यांशेजारी उतार करा म्हणून ते आमच्या अध्यक्षांच्या मागं लागले. अध्यक्ष म्हणाले, कशाला खर्च? चारजण उचलतील की.

"चौघांनी उचलायला ती अजून जिती हाये," नाना म्हणाले.

मग त्यांनी अध्यक्षांनाच खुर्चीत बसवलं आणि समोरच्या रसवंतीवरून चौघांना हाक मारली. खुर्ची उचलली गेली. अर्ध्यावर अध्यक्षांची चप्पल गळून पडली, टोपी तिरकी झाली, अख्खी रसवंती हसायला लागली. वर पोचेपर्यंत उतार मंजूर झाला होता.

गवंड्यानं तो मोटारसायकल चढवायच्या हिशेबानं केला. नाना तपासायला खुर्चीतून चढले आणि उलटे घरंगळत थेट रसवंतीत. चिपाडांत पडल्या पडल्याच म्हणाले, अजून लांबवा. लांबवला.

परवा काकू आल्या. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, सावकाश, एकट्या वर चढल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नाना मात्र खालच्या पायरीवरच बसून राहिले. आत या म्हटलं, तर म्हणाले, "मी आलो की ती मलाच इचारंल. तिचं तिला निवडू दे."

काकूंनी तासभर कपाटं धुंडाळली. एक कथासंग्रह काढला आणि म्हणाल्या, "ते मोसंबीचं पण द्या."

मी हसलो. एवढं आवडतं का, विचारलं.

"मला न्हाई." त्यांनी दारातून खाली पायरीकडं पाहिलं. "माझ्या दवाखान्यापायी आमची बाग इकली. तवापासून माझं नाव सांगून नेतात अन् स्वतःच वाचत बसतात. आज मी नेते, त्यांच्यासाठी."