शंभर टक्के लोकसंख्यावाढ

वडिवळे धरणाच्या वरच्या अंगाला भोकरवाडी नावाची एकशे बारा माणसांची वस्ती आहे. वस्तीला रस्ता नाही, ही गोष्ट शासनाच्या लक्षात आहे. याबद्दल कोणाचा गैरसमज नसावा. रस्ता कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी 'दळणवळण पात्रता कक्ष' स्थापन झाला असून त्याचा नियम साधा आहे: जिथे लोकसंख्या वाढते तिथेच रस्ता. भोकरवाडीत गेल्या अकरा वर्षांत एकही मूल जन्मलेले नाही, असे नोंदवही सांगते.

वाडीत पोरे मात्र चिक्कार आहेत. सातवा सरला की वाडीतली बाई दीड तास डोंगर उतरून कान्ह्याला नाहीतर कामशेतला नातेवाइकांकडे राहायला जाते आणि तिथेच दवाखान्यात बाळंत होते. जन्म तिथला, दाखला तिथला. बाळ घरी आले की कक्षाच्या लेखी ते 'स्थलांतरित' ठरते आणि स्थलांतरिताने लोकसंख्या वाढत नाही.

हे सांगायला बारकू कक्षाधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. त्याची सून रूपा तेव्हा पोटुशी होती.

"साहेब, रस्ता न्हाई म्हून आमच्या बाया खाली जात्यात."

"म्हणजे जाता येतं," साहेबांनी टिपून घेतले. "मग रस्ता हवा कशाला?"

साहेब मनाने वाईट नव्हते. एक तरी बाळंतपण वाडीत होऊ द्या, फाइल मी स्वतः पुढे सरकवतो, असे ते इतक्या मायेने म्हणाले की बारकूने त्यांचे आभार मानले.

वाडी जमली. बारकूची बायको सावित्राबाई एकटीच विरोधात होती. कागदापायी सून घालवायची का, असे तिने सगळ्यांना तोंडावर विचारले. शेवटी रूपाच म्हणाली, "मी ऱ्हाते हितंच. माज्या मागनं येणारीला तरी चालाया नगं."

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार उलटली तरी सुटका होईना, तेव्हा सावित्राबाईने नियम, फाइल आणि नवरा या तिघांनाही शिव्या घातल्या आणि झोळी बांधायला लावली. चौघांनी रूपाला खांद्यावर घेतले. रुग्णवाहिका धरणावर थांबली होती. वरची वाट तिच्या चाकांच्या योग्यतेची नव्हती. अर्ध्या उतारावर 'मेघदर्शन' नावाची बंगल्यांची योजना लागते. तिच्या फाटकापाशी, वॉचमन हौशीरामच्या खोलीत, रूपाला मुलगी झाली. रक्त इतके गेले की पुढे ती पंधरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, हे तिचे नशीब. शासनाने त्याचे श्रेय घेतलेले नाही.

दाखल्यावर जन्मस्थळ पडले मेघदर्शन. तिथे बंगले चौदा, पण मालक पुण्या-मुंबईचे. उंच चाकांच्या गाड्यांतून शनिवारी येणारे, रविवारी जाणारे. कायम रहिवासी एकटा हौशीराम. म्हणजे गेल्या वर्षी लोकसंख्या एक, यंदा दोन. कक्षाने आकडेमोड तीनदा तपासली. वाढ शंभर टक्के, तालुक्यात सर्वाधिक. चार महिन्यांत धरणापासून फाटकापर्यंत डांबरी रस्ता झाला. भोकरवाडीत पुन्हा शून्य जन्म आढळल्याने तिची फाइल बंद झाली.

"तुमच्या नातीमुळेच रस्ता आला हो," साहेबांनी बारकूचे मनापासून अभिनंदन केले.

"आला व्हय," बारकू म्हणाला, "पर आमी अजून वर ऱ्हातो, साहेब."

रस्ता झकास आहे, हे मी तुम्हाला काय सांगावे! गेल्या रविवारी तुम्ही मेघदर्शनमधून त्याच रस्त्याने परतत होतात. तापाने फणफणलेली नात काखोटीला मारून सावित्राबाईने तुमच्या गाडीला हात केला. तुम्ही थांबलातसुद्धा. मागच्या सीटवर तुमच्या बॅगा होत्या. काच चार बोटे खाली करून, मागून बस येईल हो मावशी, असे तुम्ही तिला समजावलेत आणि निघालात.

त्या रस्त्याला बस नाही. तुम्हाला ते पक्के माहीत होते; म्हणून तर तुम्ही गाडी घेऊन गेला होतात.